पौषातला हंसराज

प्रेमलताने घरी सांगितलं होतं की ती नायगावला मैत्रिणीकडे वह्या उतरवायला जाते आहे. आईने, मालनने, भाकरी बांधून दिली आणि वडिलांनी, दिवाकररावांनी, पानवेलींना पाणी सोडता सोडता नुसती मान हलवली. गिरीजसारख्या गावातली मुलगी मुंबईच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते, याचा त्यांना अभिमान होता, पण तो ते बोलून दाखवत नसत. मुलगी खोटं बोलेल हे तर त्यांच्या मनातही आलं नसतं.

ती निघाली ती नायगावला नव्हे, पाचूबंदरला. पौषातली पुनव होती. अजून नीट उजाडलं नव्हतं, वाडीतल्या केळींवर दव होतं, आणि रस्त्याच्या कडेला पावसाळ्यात दाटून येणारे नेचे केव्हाच वाळून भुसा झाले होते.

त्या वाळलेल्या नेच्यांवरूनच सगळं सुरू झालं होतं. डिसेंबरात वर्गात प्राध्यापक म्हणाले होते, "आपल्या किनारपट्टीवरचे नेचे पावसाळी. दिवाळीनंतर ते टिकत नाहीत. समुद्रसपाटीला ऐन हिवाळ्यात हिरवा हंसराज कुणाला दिसला, असं माझ्या तरी ऐकण्यात नाही." तेव्हा प्रेमलता उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आमच्या वसईत आहे." चाळीस मुलगे आणि दोन मुली असलेल्या त्या वर्गात हसू फुटलं. प्राध्यापक हसले नाहीत. "मग आणून दाखवा," ते शांतपणे म्हणाले. ते शांतपणे म्हणाले म्हणूनच ते तिला जास्त लागलं.

आहे, हे ती ऐकीव माहितीवर बोलली होती. ती सहा वर्षांची असताना तिला पौषात खोकला झाला होता. काढ्यासाठी हंसराज हवा होता आणि तो कुठेच हिरवा मिळत नव्हता. तेव्हा घरी मासळी घेऊन येणारी रोझलीन पुढच्या खेपेला टोपलीत, बोंबलांच्या शेजारी, ओल्या फडक्यात बांधलेला जुडगा घेऊन आली होती. "पडक्या बावीत मिलतो," ती म्हणाली होती. "थंडीत बी हिरवा."

रोझलीन आता पन्नाशीला आली होती. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातलं तिचं घर, नवरा सेबेस्टियन, दोन मुलं समुद्रावर. वीस वर्षं ती एक दिवसाआड गिरीजला टोपली घेऊन येत होती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी प्रेमलताने तिला केळीच्या आड गाठून विचारलं, तेव्हा ती आधी नाही म्हणाली. मग पोरीचं तोंड बघून म्हणाली, "पुनवेला ओहोटी लांब जाते. मला कालवं काढायला जायचंच हाय. चल. पन बापाला सांगून ये."

"सांगते," प्रेमलता म्हणाली होती.

*

पडकी बाव, म्हणजे एक जुनी विहीर, वसईच्या किल्ल्याच्या पलीकडे, खाडीच्या काठाला होती. फिरंग्यांच्या काळात तिथे कुणाची तरी वाडी असावी. आता नुसती चौथऱ्याची दगडं उरली होती आणि सगळीकडून खाडीतली तिवरांची झाडं आत घुसली होती. तिथे जायला खाडीचा एक फाटा ओलांडावा लागे. ओहोटीला त्यात घोट्याएवढा चिखल, भरतीला दोन पुरुष पाणी. फाटा ओलांडताना रोझलीनने लुगडं गुडघ्यावर खोचलं आणि मागे वळून न बघता बजावलं, "नऊच्या आत परत फिरायचं. आज उधान हाय. ह्या फाट्यात पानी भरलं का दुपारपत्तर वाट बंद."

विहीर चार पुरुष खोल होती. गोल, दगडी, चुन्यात बांधलेली. प्रेमलता काठावर पालथी पडून आत डोकावली.

समोरच्या, जमिनीकडच्या बाजूला, काठापासून आठ-दहा हात खाली, भिंत हिरवीगार होती. कोवळा, पोपटी, हलणारा हिरवा रंग. दगडांच्या सांध्यांतून एकावर एक झुबके लोंबत होते. वारा नव्हता, तरी ती पानं थरथरत होती. तिच्या वाडीच्या पाटाकडेला श्रावणात जो हंसराज उगवे त्याची पानं अर्धचंद्रासारखी, एका काडीला दोन बाजूंनी ओळीत लावलेली. हा तो नव्हता. ह्याच्या काडीला फांद्या होत्या, फांद्यांना पुन्हा फांद्या, आणि टोकाला छोटे छोटे पंखे. काड्या तर केसांसारख्या बारीक, काळ्या, तेल लावल्यासारख्या चकाकत्या.

"बघितलास?" रोझलीन म्हणाली. "आता गुमान हितं बस. मी तितक्यात पुढच्या खडकावरची कालवं काढते. पानी लागलं का मग ती हाताला येत नाय. परत आले का कोयती काठीला बांधून तुला हवा तेवढा कापून देते. आत उतरायचं नाय. पायऱ्या कुजल्यात."

"दगडाच्या पायऱ्या कुजतात का मावशी?"

"चुना कुजतो," रोझलीन म्हणाली आणि टोपली काखेत मारून तिवरांत शिरली.

प्रेमलता बसली. पाच मिनिटं बसली, दहा मिनिटं बसली. कोयतीने कापला तर नुसती पानं येतील, हा विचार तिच्या डोक्यातून जाईना. नमुना म्हणजे मुळासकट हवा, जमिनीतल्या खोडासकट हवा. नाहीतर प्राध्यापक एकदा उलटसुलट करून बघतील आणि बाजूला ठेवतील. भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी पायऱ्या गोल फिरत खाली गेल्या होत्या. पहिलीवर तिने पाय देऊन दाबून पाहिलं. पक्की होती. दुसरीही पक्की होती.

सातवी पायरी निघाली. आवाज असा काही झालाच नाही. पायाखालचा दगड भिंतीतून दात निघावा तसा सुटला, खालच्या पायरीवर आपटला, तीही पायरी घेऊन गेला आणि प्रेमलता त्या दोन दगडांच्या मागोमाग तळात पडली.

*

चिखलाने जीव वाचवला. डोकं, पाठ, हात सगळं शाबूत होतं. पण उजवा पाय टेकायला गेली आणि घोट्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. ती ओरडली. स्वतःचाच आवाज गोल फिरून वर गेला.

रोझलीन धावत आली तेव्हा तिचं डोकं वर आभाळाच्या तुकड्यात काळं दिसलं. ती आधी शिव्या देईल असं प्रेमलताला वाटलं. पण तिने एकच विचारलं, "पाय का हात?"

"पाय. टेकवत नाही."

"चढता येईल?"

प्रेमलताने वर पाहिलं. निखळलेल्या दोन पायऱ्यांच्या जागी दोन खाचा होत्या, आणि त्यांच्या खालच्या पायऱ्या केव्हाच पडून चिखलात गेल्या होत्या. दोन्ही पाय धड असते तरी तेवढं अंतर तिला गाठता आलं नसतं. रोझलीनने डोक्याचं फडकं आणि कमरेचा पटका गाठ मारून खाली सोडला. तो विहिरीच्या निम्म्यापर्यंतही पोचला नाही.

आणि तेवढ्यात प्रेमलताला आवाज ऐकू आला. मांजर पाणी पिते तसा, लपलप. खाडीकडच्या भिंतीला पायथ्याशी एक भेग होती, हात जाईल एवढी. त्या भेगेतून गढूळ पाण्याची जीभ आत येत होती.

"मावशी, पाणी येतंय!"

वरचं डोकं खाडीकडे वळलं. मग रोझलीन अगदी हळू आवाजात म्हणाली, "भरती लागली."

दोघींनाही एकदमच कळलं. रोझलीन माणसं आणायला गेली, तर फाटा भरायच्या आत तिला ओलांडावा लागणार, आणि एकदा ओलांडला की ती चालत परत येऊ शकणार नाही. गेली नाही, तर काठावर बसून नुसतं बघत राहायचं.

"पोहता येतं का गं तुला?"

"नाही."

"जेझू मारी," रोझलीन म्हणाली आणि तिने क्रूस केला.

प्रेमलताने स्वतःला भिंतीपर्यंत ओढत नेलं. हाताला काहीतरी चर्रकन कापलं. भिंतीला कालवं चिकटली होती, धारदार शिंपल्यांची, एकात एक. तिच्या डोक्याच्याही वर हातभर उंचीपर्यंत कालवांचा थर होता. त्याच्या वर काळी, बोडकी भिंत. त्या बोडक्या पट्ट्यात एक दगड दीड वीत बाहेर आलेला होता, कुणीतरी पूर्वी उभं राहायला केलेला असावा. आणि त्या दगडाच्या वर, अगदी एका रेषेत कापल्यासारखा, हंसराज सुरू होत होता.

एका रेषेत. ती बघतच राहिली. भीतीने दात वाजत असताना तिचं डोकं मात्र विलक्षण स्वच्छ चालायला लागलं.

"मावशी! कालवं कुठपर्यंत वाढतात?"

"काय विचारतेस आता?"

"सांग ना!"

"रोजचं पानी जिथवर लागतं तिथवर. उधानाचं पानी त्याच्यावर जातं."

"किती वर?"

"मला काय ठाव! कंदी हातभर, कंदी दोन हात. थंडीत रातचं पानी मोठं, दिवसाचं उनं. पन आज पुनव हाय, पोरी."

"हा हंसराज गोड्या पाण्यावर जगतो," प्रेमलता ओरडून म्हणाली. "जमिनीकडून भिंतीत पाझर येतोय, तेवढ्यावर. खारं पाणी त्याला चालत नाही. एकदा मुळाशी खारं पाणी शिरलं तर तो मरेल. तो तिथे जिवंत आहे म्हणजे पाणी तिथवर जात नाही. मी त्याच्या खालच्या दगडावर उभी राहते. तू जा. सेबेस्टियनकाकांना घेऊन ये."

"नक्की?"

प्रेमलताला नक्की माहीत नव्हतं. खारं पाणी त्या झाडाला किती चालतं, एक दिवस चालतं की दोन दिवस, हे तिने कुठे वाचलं नव्हतं. पावसाळ्यात विहीर गोड्या पाण्याने भरत असेल तर ही रेष त्या पाण्याची असणार, आणि सगळा हिशेबच चुकत होता.

"नक्की," ती म्हणाली.

रोझलीन अजून तिथेच होती. "होडी आनायची म्हनजे फाट्यात पानी चढायला हवं," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "माझी वाट बंद होईल तवाच होडीची वाट उघडंल." मग तिने आभाळाचा तो तुकडा मोकळा केला आणि तिच्या पावलांचा आवाज चिखलात चपचपत नाहीसा झाला.

*

त्या दगडापर्यंत चढायला प्रेमलताला किती वेळ लागला, ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. तुटून पडलेल्या दोन पायऱ्या तिने एकावर एक रचल्या. डाव्या पायाने रेटून, कालवांना धरून, तळहात सोलून घेत ती वर सरकली. दोनदा घसरली. दुसऱ्यांदा घसरली तेव्हा खाली चिखलाऐवजी मांडीएवढं पाणी होतं, आणि त्याच पाण्याने तिला तिसऱ्यांदा थोडं उचललं. शेवटी ती पोटावर त्या दगडावर आली, मग गुडघ्यावर, मग एका पायावर उभी राहिली आणि भिंतीला छाती टेकवून तिने डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा हंसराज तिच्या तोंडासमोर होता.

इतक्या जवळून तिने तो कधीच पाहिला नव्हता. पानाची कड खालच्या बाजूला दुमडलेली, आणि त्या दुमडीत तपकिरी बीजाणूंच्या चिमुकल्या पेट्या. मागच्या दगडातून थेंब थेंब पाणी पाझरत होतं. थेंब पानावर पडे, पारा घरंगळावा तसा घरंगळे आणि पान कोरडंच राही. मुळं चुन्याच्या सांध्यात शिरलेली, काळ्या केसांच्या गुंत्यासारखी. इथे ऊन येत नव्हतं. काठाच्या सावलीत, भिंतीच्या गारव्यात, त्या एवढ्याशा पाझरावर पावसाळा वर्षभर लपून राहिला होता. प्रेमलताने तोंड पुढे करून दगड चाटला. पाणी गोड होतं.

खालचं पाणी गुडघ्यावर आलं.

थंडीने तिचा डावा पाय थरथरायला लागला. बोटांनी धरायला दगडाच्या कडेला फक्त एक खाच होती. झुबक्याला धरलं असतं तर तो हातात आला असता. पाण्याने कालवांची शेवटची रेघ केव्हाच गिळली होती. वर आभाळ इतकं निळं होतं, आणि कुठेतरी दूर किल्ल्याच्या बाजूला कुत्रं भुंकत होतं. माणसं होती. तिच्या हाकेच्या पलीकडे होती एवढंच.

पाणी कमरेला आलं. तिने हंसराजाचे खालचे झुबके पुन्हा नीट पाहिले. अगदी खालच्या दोन-तीन पानांच्या कडा करपल्या होत्या. तांबूस, कुरकुरीत. खारं पाणी लागल्यावर असंच होतं. म्हणजे पाणी इथवर येतं. कधीतरी येतंच. रेष म्हणजे भिंत नव्हे, हे तिला पाण्यात उभं राहिल्यावर कळत होतं.

ती रडायला लागली. आई म्हणून हाक मारावीशी वाटली आणि मग आठवलं, आईच्या लेखी आपण नायगावला आहोत. रोझलीनला वाटेत काही झालं, तर आपण इथे आहोत हे जगात कुणालाही ठाऊक नाही. संध्याकाळी बाबा कंदील घेऊन नायगावला जातील. मैत्रीण म्हणेल, ती आलीच नाही. मग ते कुठे शोधतील?

पाणी छातीला लागलं. पाण्याबरोबर तिवरांची पानं, फेस, एक मेलेला खेकडा गोल फिरत होता. तिचे पाय दगडावरून सुटू बघत होते. ती करपलेल्या पानांकडे बघायचं टाळत होती आणि पुन्हा पुन्हा तिकडेच बघत होती. आणि मग त्याच करपलेल्या पानांच्या मधोमध तिला काहीतरी दिसलं. कोंब. एक, दोन, तीन. बाळाच्या मिटलेल्या मुठीसारखे गुंडाळलेले, लव असलेले, नुकते वर येणारे कोवळे कोंब. कोंब वर यायला निदान आठ-दहा दिवस लागतात. मागची उधाणाची भरती अमावास्येला, पंधरा दिवसांपूर्वी. त्या भरतीने पानांच्या कडा जाळल्या असतील, पण खोड जिवंत राहिलं. म्हणजे पाणी नुसतं शिवून गेलं. चढलं नाही, थांबलं नाही. आणि रोझलीन म्हणाली होती, दिवसाचं पाणी उणं.

शिवून जाईल, तिने स्वतःला सांगितलं. शिवेल आणि जाईल. तू फक्त उभी राहा.

तिने नजर एका कोंबावर ठेवली आणि त्याच्या खालचा भिंतीचा एक पांढरा ठिपका धरला. पाणी ठिपक्याच्या चार बोटं खाली. मग तीन बोटं. मग दोन. तिने शंभर आकडे मोजले. दोन बोटं. आणखी शंभर मोजले. दोन बोटं. फिरणारा मेलेला खेकडा एका जागी थांबला होता. तिसऱ्यांदा शंभर मोजताना साठाच्या पुढे तिला मोजता येईना, जीभ जड झाली होती. पण ठिपका अजून कोरडा होता.

"प्रेमलते! ए पोरी!"

आवाज वरून आला. मग पुरुषाचा आवाज, मग वल्ह्यांची खडखड, आणि मग जाळ्याच्या जाड दोराचा फास तिच्या तोंडासमोर लोंबायला लागला. सेबेस्टियन ओरडून सांगत होता, "काखेत घाल! दोनी काखेत!" तिचे हात दगडाच्या खाचेतून सुटतच नव्हते. एकेक बोट तिने दातांनी सोडवलं.

वर ओढताना दोराने तिला भिंतीवर घासत नेलं, तेव्हा तिच्या हाताने आपोआप सांध्यातला एक झुबका धरला आणि तो मुळासकट निघून आला. काठावर तिला पालथी घातली तेव्हा तो तिच्या मुठीत होता. रोझलीनने आधी तो पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं, आणि खाडकन तिच्या थोबाडीत दिली. मग तिला छातीशी धरून इतकी जोरात रडली की सेबेस्टियन दुसरीकडे बघायला लागला.

*

बैलगाडी गिरीजला पोचली तेव्हा दुपार कलली होती. बातमी आधीच पोचली होती आणि दाराशी माणसं जमली होती. मालन धावत गाडीशी आली. दिवाकररावांनी आधी मुलीचा पाय पाहिला, मग गाडीमागून चालत आलेल्या रोझलीनकडे वळले.

"वीस वर्षं तू माझ्या दारात येतेस," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेला. "माझ्या पोरीला मला न विचारता मरायला घेऊन गेलीस. पुन्हा ह्या वाडीत पाय ठेवू नकोस."

रोझलीनने तोंड उघडलं. मग तिने प्रेमलताकडे पाहिलं. एकदाच पाहिलं.

प्रेमलता गाडीत आडवी होती. तिला सगळं ऐकू येत होतं. बोलायला एकच वाक्य लागणार होतं, आणि ते तिच्या ओठांवर होतं. पण आजूबाजूला इतकी माणसं, वडिलांचा तो चेहरा, पायातली कळ. तिने डोळे मिटून घेतले.

रोझलीन वळून चालू लागली.

पाय प्लास्टरमध्ये गेला. झुबक्यातलं निम्मं प्रेमलताने कागदात दाबून वाळवलं, निम्मं आईने कुंडीत लावलं. घरात कुणी तिला बोललं नाही, उलट सगळे जपत होते. तेच तिला सोसेना. एक दिवसाआड सकाळी ती टोपलीवालीच्या हाकेची वाट बघे. तिसऱ्या आठवड्यात दुसरीच एक कोळीण आली, आणि मालनने तिच्याकडून मासळी घेतली.

त्या दिवशी जेवताना प्रेमलता म्हणाली, "बाबा, मावशीने मला सांगितलं होतं, बापाला सांगून ये. मी सांगते म्हणाले आणि नाही सांगितलं. आत उतरू नकोस असंही बजावलं होतं. ती कालवं काढायला गेली तेव्हा मी उतरले. मी पडल्यावर ती तिथेच थांबली असती तर मी मेले असते. फाटा भरत असताना ती छातीएवढ्या पाण्यातून गेली."

मालनचा हात थांबला. दिवाकररावांनी घास ताटात ठेवला.

"त्या दिवशी का नाही बोललीस?"

"घाबरले."

"विहिरीत नाही घाबरलीस, आणि मला घाबरलीस?"

"विहिरीतही घाबरले होते," प्रेमलता म्हणाली. "पण तिथे दुसऱ्या कुणावर ढकलता येत नव्हतं."

ते हात धुवायला उठले. सकाळी प्रेमलताला गाडी जुंपल्याचा आवाज आला. ते दारात उभे होते, डोक्याला टोपी, अंगात लग्नाकार्याचा कोट.

"चल. मी तिला चार माणसांत बोललो. चार माणसांतच परत घ्यायला हवं. आणि तुलाही बोलायचं आहे."

पाचूबंदरला रोझलीनच्या अंगणात बोंबील वाळत घातलेले होते आणि शेजारपाजारच्या बायका जाळ्यांशी बसल्या होत्या. दिवाकररावांनी टोपी काढली. जे बोलायचं ते त्यांनी उभ्यानेच, सरळ, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून टाकलं. मग प्रेमलता बोलली. तिचा आवाज मध्येच फाटला, तरी तिने पुरं केलं.

रोझलीन ऐकत राहिली. तिच्या डाव्या पिंढरीवर लांब, अजून लालसर असलेला ओरखडा होता. फाट्यातल्या कालवांचा असावा. प्रेमलताला तो त्या दिवशी दिसलाच नव्हता.

"मला राग आला होता," रोझलीन शेवटी दिवाकररावांना म्हणाली. "तुमचा नाय. बाप हाय, बोलनार. हिचा आला होता. हिनं डोले मिटले ना, त्याचा." मग तिने बाकडं पुढे सरकवलं. "बसा. उन्हात कशाला उभं ऱ्हाता?"

दिवाकरराव बसले. आतून सेबेस्टियनने चहा आणला. गिरीजची वाडीवाली माणसं कोळीवाड्यातल्या कपबशीला तोंड लावत नसत. दिवाकररावांनी कप उचलला, बशीत चहा ओतला आणि पिऊन टाकला.

"पोरीचं कॉलेज?" सेबेस्टियनने विचारलं.

"पायामुळे हे वर्ष गेलं," दिवाकरराव म्हणाले. प्रेमलताने मान खाली घातली. मग बैलांकडे बघत ते म्हणाले, "जूनमध्ये पुन्हा जाईल. तो वाळवलेला हंसराज घेऊन."

रोझलीन तिच्या शेजारी येऊन टेकली. प्लास्टरवर तिने बोटाने ठक्‌ठक् करून पाहिलं, जसं कालव भरलेलं आहे का ते बघतात. "दुखतंय का अजून?"

"थंडीत दुखतं."

"दुखनारच," रोझलीन म्हणाली आणि बोंबलांवर बसलेला कावळा हाकलायला उठली.